परमुलुखातून आलेले शेजारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला बोलावलेल्या बाईने मंडळाची स्तुती करावी, चार उपदेशाचे शब्द सांगावे आणि खाली बसावे, असा प्रघात आहे. स्तुती अध्यक्षबाईंनी मघाशी केलीच आणि ती यथार्थ आहे. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. तेव्हा मी सरळ विषयाला हात घालते. चिटणीसबाईंनी मला पत्रात लिहिले होते की, परक्या देशात जाऊन वसलेल्या एखाद्या समाजाची माहिती सांगा. पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती. भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या, बिहार-ओरिसाकडून आलेल्या बायकांना आपल्या शिवणवर्गात घ्यावे की नाही, यावरून मंडळात दोन मते पडली आहेत, अशी ती ओळ. ती मी विसरलेले नाही. परंतु तिच्याकडे मागाहून येईन.

समाज शोधायला मला दूर जावे लागले नाही. आपल्या अच्छाडच्या नाक्यावरून भिलाडच्या बाजूला निघाले की गुजरातची हद्द लागते आणि तिथून थोड्याच अंतरावर संजाण आहे. आज ते दुसऱ्या राज्यात मोडते म्हणून आपल्याला परके वाटते. पण १ मे १९६० पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याची ४७ गावे आणि ३ शहरे गुजरातेत गेली. उरलेली २७ गावे प्रथम डहाणूला जोडली आणि १९६१ साली त्यांचा तलासरी महाल झाला. म्हणजे संजाणचा इतिहास हा आपल्या माजघरातलाच इतिहास आहे. हद्दीची रेघ मधून गेली, इतकेच.

त्या संजाणला इराणातून पारशी आले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली. ती गोष्ट लिहून ठेवली नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने, फारसी पद्यात, सोळाशे सालाच्या सुमारास. त्याला 'किस्सा-इ-संजाण' म्हणतात. अरबांनी इराण जिंकल्यावर आपला धर्म राखण्यासाठी काही कुटुंबे तारवांत बसली, १९ वर्षे दीव बेटावर राहिली आणि मग संजाणच्या किनाऱ्याला लागली. साल कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी आठवे शतक म्हणतात, कोणी दहावे. तिथला राजा जादी राणा. त्याने आसरा दिला, पण पाच अटी घातल्या. तुमचा धर्म काय तो समजावून सांगा. बोली इथली बोला. बायकांनी इथला पोशाख करावा. शस्त्रे खाली ठेवा. लग्ने दिवस मावळल्यावर लावा.

भगिनींनो, या अटी एकदा आपल्या नजरेने वाचून पाहा. धर्म समजावून सांगितला तो पुरुषांनी आणि शस्त्रे ठेवली तीही पुरुषांनी. दोन्ही कामे एका दिवसात उरकण्यासारखी होती. परंतु मुलाच्या तोंडात नवी बोली कोण घालते? आई. नवे वस्त्र कोणी नेसायचे, ते तर स्पष्टच सांगितले आहे. आणि लग्नाची रीत बदलली म्हणजे मांडवातली सगळी कामे कोणाला नव्याने शिकावी लागली, हे मी तुम्हांला सांगायला नको. परका मुलूख आपला करण्याचे बरेचसे काम बायकांच्या वाट्याला आले, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालले. पारशी बाई गुजराती बोलते आणि उजव्या खांद्यावरून पदर घेते, ते हेच काम.

दुसरी एक कथा याहून लोकप्रिय आहे. राजाने काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला, म्हणजे जागा नाही. पाहुण्यांनी त्यात साखर टाकून परत पाठवला, म्हणजे आम्ही न सांडता गोडी वाढवू. कथा गोड आहे, यात शंका नाही. मौज अशी की 'किस्सा'मध्ये ती नाही. ती तोंडोतोंडी आली. मला तिच्याविषयी एकच विचारायचे असते. पेला राजाचा होता, साखर पाहुण्यांची होती. मग दूध कोणाचे? गाय कोणी राखली, धार कोणी काढली? त्या माणसाचे नाव कथेत नाही. आज मला जे सांगायचे आहे ते याच माणसाबद्दल आहे.

कथा बाजूला ठेवून जमिनीत काय सापडले ते पाहू. २००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खनन झाले. त्यात पश्चिम आशियातली निळसर झिलईची भांडी निघाली, चिनी मातीची भांडी निघाली, पारशांचा जुना दखमाही निघाला. संजाण हे मोठे बंदर होते, हे त्यावरून दिसते. आणि आपल्याच बाजूला, डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला, १९५५ साली ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा. त्यात संजाणच्या मंडलाचा कारभारी म्हणून 'मधुमती' नावाचा एक ताजिक आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती म्हणजे महंमद. संस्कृत लिहिणाऱ्याने आपल्या जिभेला वळेल तसे नाव करून घेतले. या परदेशी माणसाने दोन प्रवाहांवर फुकट होड्या ठेवल्या, अन्नछत्र घातले आणि तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप वाढण्याची व्यवस्था केली, असे त्या पटात लिहिले आहे. त्याच्याच संमतीने भगवती देवीच्या मठिकेला जमीन मिळाली. हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर अरब कारभारी, इराणी निर्वासित आणि देवीचा मठ एकत्र नांदत होते. बाहेरचे लोक येणे ही काही काल-परवाची आपत्ती नव्हे.

पुढे मुसलमानी फौजेने संजाण घेतले. तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी उचलला आणि तो बाहरोटच्या डोंगरात नेला. हा डोंगर आपला आहे; बोर्डी-अस्वालीकडे गेलात तर समोर उभा दिसतो. तिथल्या गुहांत तो अग्नी १२ वर्षे तेवत राहिला, असे 'किस्सा' सांगतो. मग तो वांसदा, नवसारी असा फिरत १७४२ साली उदवाड्याला स्थिरावला. यात्रेकरू आजही बाहरोटला येतात. आता विचार करा. डोंगरावर १२ वर्षे रात्रंदिवस अग्नी जळता ठेवायचा तर लाकूड किती लागले असेल! पावसाळ्यात वाट कुठून, उन्हाळ्यात पाणी कुठे, हे त्या किनाऱ्यावरच्या माणसांना कोणी दाखवले असेल? लेखी पुरावा काही नाही, पण माझा तर्क असा की रानावनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या मदतीवाचून ते झाले नसेल. दूध कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मला तिथे दिसते.

हे झाले पारशी. आपल्याकडे घोलवड, बोर्डी, डहाणू भागात ज्यांना आपण 'इराणी' म्हणतो ते धर्माने पारशांचेच बंधू, पण ते फार उशिरा आले. हजार वर्षे ते इराणातच, यझद आणि केरमान या वाळवंटी प्रांतांत, जीव धरून राहिले होते. त्यांची स्थिती हलाखीची होती. घोड्यावर बसायचे नाही, उंच घर बांधायचे नाही, चांगल्या रंगाचे कपडे घालायचे नाहीत, आणि वर जिझिया कर भरायचा. बायकांच्या सलवारी अरुंद पट्ट्या जोडून शिवलेल्या असत, आणि त्यावर भरतकाम असे. अखंड कापड घेऊ देत नसत म्हणून पट्ट्या जोडल्या, असे त्या समाजातल्या वृद्ध बायका सांगतात.

यांपैकी एका मुलीचे नाव मी मुद्दाम सांगणार आहे, कारण ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. गुलेस्तान. १७९६ साली तिचा बाप कैखुशरू यझदयार तिला घेऊन यझदहून मुंबईस पळून आला. मुलगी रूपवान होती आणि तिला कोणी उचलून नेईल ही धास्ती होती. मुंबईत फरामजी भिकाजी पांडे या पारशी गृहस्थाशी तिचे लग्न झाले. सुखात पडली, तेव्हा मागचे विसरून जाणे तिला सोपे होते. ती विसरली नाही. इराणातून जो कोणी फाटक्या अंगाने उतरेल त्याला तिच्या घरी थारा मिळू लागला. तिच्या बहिणींनाही मुंबईला आणण्यात आले. आईचे पाहून मुलगा बुरजोरजी याने १८३४ साली या निर्वासितांसाठी निधी उभा केला, आणि धाकट्या मेहरवानजीच्या पुढाकाराने इराणातल्या बांधवांची स्थिती सुधारण्यासाठी मंडळी स्थापन झाली. तिने १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणात धाडले. त्यांनी अठ्ठावीस वर्षे खटपट केली, आणि १८८२ साली शहाने जिझिया रद्द केला. एका पळून आलेल्या मुलीच्या स्वयंपाकघरातून ही गोष्ट सुरू झाली, हे मला आपल्या मंडळात सांगावेसे वाटले.

१८७० ते १८७२ चा इराणातला दुष्काळ भयंकर होता. त्यानंतर आणि पुढेही बरीच वर्षे माणसे येत राहिली. मुंबईत प्रथम पारशांच्या घरी चाकरी, मग कोपऱ्यावरचे चहाचे हॉटेल, हा पुष्कळांचा मार्ग. काही जण आपल्या बाजूला उतरले. इथे गवताचा आणि लाकडाचा धंदा होता, पाणी होते, आणि जमीन विकत मिळत होती. वाळवंटातल्या माणसाला पाण्याची किंमत कळते. त्यांनी विहिरी बांधल्या, वाड्या केल्या आणि चिकू लावला.

त्या घरांतल्या चालीरीती पाहण्यासारख्या असतात. २१ मार्चच्या नवरोजाआधी ताटलीत गहू भिजत घालून त्याचे हिरवे कोंब वाढवतात. आपण घटाखाली मातीत धान्य पेरतो, अगदी तसेच दिसते. समारंभाला तेलात तळलेली सिरोग नावाची रोटी करतात आणि सुक्या मेव्याचे लोर्क वाटतात. घोलवडच्या एका वृद्ध इराणी बाईंशी माझी ओळख होती. सासूशी त्या दरी बोलत, मुलांशी गुजराती, बाजारात मराठी, आणि वाडीत कामाला येणाऱ्या बायकांशी चांगली ठसठशीत वारली. मी विचारले, "बाई, स्वप्नात कुठली बोली बोलता?" त्या म्हणाल्या, "ज्याच्याशी भांडत असेन त्याची."

चिकूचे नाव निघाले म्हणून सांगते. चीक असतो म्हणून चिकू, असे आपण समजतो. पण ते नाव समुद्रापलीकडचे आहे आणि झाडही. ते मूळचे मेक्सिकोकडचे. स्पॅनिश लोकांनी ते फिलिपाईन्सला आणले आणि तिथून ते पूर्वेकडे पसरले. इंडोनेशियात त्याला 'सावो' म्हणतात आणि जावातल्या घराच्या अंगणात ते आपल्याइतकेच घरचे समजतात. आपल्याकडे चिकूचे कलम खिरणीच्या, म्हणजे आपल्या रायणीच्या, खुंटावर बांधतात. वाडीवाल्यांना विचारा, रायणीचे मूळ असले की झाड जोरकस होते, असेच ते सांगतील. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. मेक्सिकोचे फळ, इराण्याची वाडी, वारल्यांची मेहनत, आणि नाव मात्र आपल्या गावचे!

जावाचे लोकही असेच परमुलुखात गेले, त्यांची हकीकत थोडक्यात सांगते, कारण तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. दक्षिण अमेरिकेत सुरीनाम म्हणून डच लोकांचा मुलूख होता. तिथल्या मळ्यांवर १८७३ पासून आपल्याकडचे, बिहार आणि संयुक्त प्रांतातले, मजूर पाच वर्षांच्या करारावर नेले. १८९० पासून १९३९ पर्यंत जावातून सुमारे ३३,००० माणसे नेली. जावा मक्केच्या पूर्वेला, म्हणून तिथले मुसलमान पश्चिमेला तोंड करून नमाज पढतात. सुरीनामला गेल्यावर मक्का पूर्वेला आली. पण आलेली माणसे पश्चिमेलाच तोंड करीत राहिली, कारण बाप-आजा तसे करीत होता. १९३० नंतर काही जण म्हणू लागले की आता पूर्वेला वळले पाहिजे. झाले, दोन तट पडले. 'पश्चिमवाले' आणि 'पूर्ववाले' यांच्या मशिदी वेगळ्या झाल्या. हसण्यासारखे वाटते, पण हसू नये. जो घर सोडून येतो त्याला हा प्रश्न पडतोच की आपले तोंड कुठल्या दिशेला असावे. मीही साताऱ्याकडून लग्न होऊन इकडे आले, तेव्हा कित्येक वर्षे पाऊस म्हटला की मला आमच्याकडचाच पाऊस आठवे.

आता त्या दुधाकडे येते. ज्यांनी चिकूच्या वाड्या राखल्या, गवत कापले, लाकूड वाहिले ते वारली. कधीकाळी हीच जमीन ते कसत होते. सावकारी कर्जापोटी जमिनी गेल्या, आणि जमिनींचे मालक झाले ते सर्व जातिधर्मांचे होते, हे स्पष्ट सांगायला हवे: गुजराती, मारवाडी, ब्राह्मण, मुसलमान, पारशी आणि इराणीही. इराणात ज्यांना घोड्यावर बसता येत नव्हते त्यांतल्या काहींच्या दारात इथे माणसे वेठीला उभी राहिली. ज्याने सोसले तो दुसऱ्याला सोसायला लावणार नाही, अशी आपली भाबडी समजूत असते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. अर्थात सगळे तसे नव्हते. पण व्यवस्था तशी होती, आणि चांगला माणूसही व्यवस्थेतले उत्पन्न घरी नेतो.

या व्यवस्थेतली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे लग्नगडी. वारल्यांचे लग्न म्हणजे धवलेरीची गाणी, सुवासिनींनी भिंतीवर लिहिलेला चौक, त्यातली पालघाट देवी. खर्चाला पैसे नसत. मग मालकाकडून कर्ज काढायचे आणि त्यापोटी नवऱ्याने, आणि त्याच्याबरोबर नव्या नवरीनेही, मालकाच्या घरी राबायचे. कर्ज फिटत नसे. अशा नवरीची काय दशा होई ते सभेत सांगणे माझ्या जिवावर येते. गोदावरीबाई परुळेकरांनी ते 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले आहे. १९७० साली ते पुस्तक निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. मंडळाच्या कपाटात ते असावे. नसेल तर आजच्या मानधनातून घ्या. मला पाकीट नको.

गोदावरीबाई पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, म्हणजे त्याही बाहेरच्याच. १९४५ साली आपल्या तालुक्यातल्या झरी गावी मे महिन्यात वारल्यांची मोठी सभा झाली. वेठ करायची नाही आणि लग्नगडी म्हणून राहायचे नाही, असे तिथे ठरले. पुढे मजुरीची मागणी आली: दिवसाला १२ आणे, आणि ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. हे आपल्या वस्तीपासून किती जवळ घडले, ते इथे बसलेल्या थोरल्या बायकांना मी सांगण्याची गरज नाही. त्यांच्या आजीने-आईने ते सांगितलेले आहे.

आणि त्याच १९४५ साली, डिसेंबरात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. ताराबाई भावनगरला नाव कमावून आलेल्या, त्यांच्या जोडीला अनुताई वाघ पुण्याकडून आलेल्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणारी पोरे कुरणात असतात तर शाळाही कुरणात, म्हणून कुरणशाळा. आज देशभर अंगणवाडी हा शब्द चालतो, पण तो आपल्या या टापूत रुजला. त्याआधी १९२० साली बोर्डीला जी शाळा निघाली तिलाही एका पारशी बाईचे, सुनाबाई पेस्तनजी हकीमजी यांचे, नाव आहे. तेव्हा बाहेरून आलेल्यांचा हिशेब मांडताना दोन्ही बाजू लिहाव्या लागतात, आणि एका बाजूने दुसरी खोडता येत नाही.

आणखी एक प्रसंग अलीकडचा आहे. १९८९ च्या सुमारास डहाणूला औष्णिक वीजकेंद्र येऊ घातले, तेव्हा त्याविरुद्ध ज्या उभ्या राहिल्या त्यांत नर्गिस इराणी आणि कित्यायुन रुस्तम या दोघी इराणी बायका पुढे होत्या. वीजकेंद्र झाले, ते काही थांबले नाही. पण २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ऑक्टोबर १९९६ मध्ये निकाल झाला, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले. त्याच निर्बंधांमुळे कारखाने आले नाहीत आणि आमच्या पोरांना वापी-उंबरगावला जावे लागते, अशी तक्रार मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की ज्यांचे आजे यझदहून गाठोडे घेऊन आले होते त्या बायका न्यायालयात गेल्या त्या याच मुलखाची माती आणि पाणी राखण्यासाठी. त्यांचे तोंड कुठल्या दिशेला आहे, हे मग वेगळे विचारावे लागत नाही.

आता चिटणीसबाईंच्या ओळीकडे येते.

ज्या भगिनींचा विरोध आहे त्यांचे म्हणणे मी काल बसून ऐकले. त्यांतल्या बहुतेक जणी वारली आहेत. त्या म्हणतात, "बाहेरचे आले की आधी गोड बोलतात, मग जमीन जाते." या बोलण्याला कोणी कोतेपणा म्हणू नये. आपल्या तालुक्यात दहांतले नऊ लोक आदिवासी असताना त्यांच्यावर काय वेळ आली होती, ते मी आत्ताच सांगितले. ज्यांची जमीन एकदा गेली त्यांनी सावध असावे, हे रास्तच आहे.

परंतु येणारे सगळे सारखे नसतात. एक जण पैसा घेऊन येतो आणि जमीन मागतो. दुसरी नुसते दोन हात घेऊन येते आणि काम मागते. कंपनीच्या पाळ्या करणारी, दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसांचे रांधणारी ती बाई कोणाच्या जागी आहे? जमीनदाराच्या की लग्नगड्याच्या बायकोच्या? मुकादमाकडून उचल घेऊन आलेली असेल तर उत्तर सोपे आहे. आणि आपली माणसे कुठे जातात तेही पाहा. पावसाळा उतरला की आपल्याकडचे तरुण वेरावळ-ओख्याला बोटींवर खलाशी म्हणून जातात, कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिथल्या एखाद्या मंडळात कोणी त्यांच्या बायकांना "तुमचे घर या गावात आहे का?" असे विचारले तर त्यांनी काय सांगावे? आपल्या नियमात सभासद म्हणजे 'गावात घर असलेली स्त्री' असे लिहिले आहे. या नियमाने गुलेस्तान मुंबईत, आणि ताराबाई बोर्डीत, दाराबाहेरच राहिल्या असत्या.

माझी सूचना अशी. 'घर असलेली' हे शब्द काढून 'राहणारी' असा शब्द घालावा. कार्यकारिणीवर येण्यासाठी मात्र गावात पाच वर्षे वास्तव्याची अट ठेवावी, म्हणजे ज्यांना धाकधूक आहे त्यांचे समाधान होईल. सभेचे काम मराठीत आणि वारलीतच चालावे. नव्या बायकांनी ती बोली शिकावी, आणि कोणी तरी त्यांना शिकवावी. जादी राणाच्या पाचांपैकी ही एक अट मला पटते. पोशाखाची नाही, तो ज्याचा त्याने ठरवावा.

राहिला मशिनांचा प्रश्न. खरे भांडण तिथेच आहे, असे मला वाटते, आणि ते तत्त्वाचे नसून गणिताचे आहे. मशिने चार, शिकणाऱ्या मुली बावीस, आणि आता खोल्यांतल्या चौदा बायकांनी नावे दिली आहेत. गावच्या मुली सकाळी घरची कामे आटोपून दहाला येतात आणि एकला जातात. दुपारनंतर मशिने झाकून पडलेली असतात. खोल्यांतल्या बायकांची पहिली पाळी तीनला सुटते. तेव्हा चार ते सहा अशी दुसरी तुकडी करावी. तिची फी सकाळच्याइतकीच असावी, जास्त नको आणि कमीही नको. शिकवायला बाई लागेल. त्या चौदांत एक जण कटकला शिंप्याच्या दुकानात काम केलेली आहे. तिला विचारून पाहावे. कापड आणि दोऱ्याचा हिशेब दोन्ही तुकड्यांचा एकाच वहीत राहावा.

ठराव चिटणीसबाईंनी लिहून ठेवला आहे. चहापाणी झाल्यावर तो मांडतील. मला मत नाही, मी पाहुणी आहे. पण मोजायला थांबेन.